स्वयंपाकघराचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा झाला म्हणजे गांवचीं चार शहाणीं माणसें एकत्र बसतात, जाणता कारागीर बोलावतात, आणि मूर्ति कोठें ठेवावयाची याचा निर्णय झाल्यावांचून जुन्या चौथऱ्याच्या एका दगडासहि हात लावीत नाहींत. ज्या खोलीवर साऱ्या कुटुंबाचें आरोग्य, आणि पुष्कळ अंशीं सौख्यहि, अवलंबून असतें त्या स्वयंपाकघराच्या वांट्यास मात्र एवढा विचार क्वचितच येतो. दुकानांत जावें, चकचकीत नमुना पसंत करावा, आगाऊ रक्कम द्यावी आणि आठ दिवसांनीं घरांत घणाचे घाव पडूं लागावे, असा प्रकार हल्लीं बहुतेक ठिकाणीं दिसतो. आम्हीहि त्याच वाटेनें निघालों होतों. आमचें पाऊल कशामुळें थबकलें आणि थबकल्यानंतर आम्हांस काय दिसलें, तें येथें सांगावयाचें आहे. मी स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेला मास्तर आहें. तेव्हां पुढील मजकुरांत जें शास्त्राचें आहे तें जाणत्यांना विचारून लिहिलें आहे, आणि जें घरचें आहे तें डोळ्यांनीं पाहून.

आमचें बिऱ्हाड दादरच्या हिंदु कॉलनींत तिसऱ्या मजल्यावर आहे. १८९६ च्या प्लेगनें मुंबईच्या दाट वस्तीचे परिणाम दाखवून दिल्यावर १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्या दादर-माटुंगा योजनेंतून रुंद रस्त्यांचा व मोजक्या मजल्यांचा हा भाग १९२० नंतरच्या दोन दशकांत उभा राहिला. आमच्या आजोबांनीं १९३७ सालीं येथें भाड्यानें जागा घेतली. बांधणाऱ्यांनीं हवेचा व उजेडाचा विचार मनापासून केलेला आहे. पण तो दिवाणखान्यापुरता. तेथें दोन मोठ्या खिडक्या व सज्जा. स्वयंपाकघर मागील अंगास, आठ फूट रुंद, बारा फूट लांब, एका खिडकीचें.

या खोलीचा इतिहास तिच्या भिंतींवरच वाचावयास मिळतो. प्रथम जमिनीपासून वीतभर उंचीचा ओटा, त्यावर दोन चुली व एक वैल, वर धुराडें. कोपऱ्यांत कांठ बांधलेली मोरी, तिच्याजवळ पिंप आणि घडवंचीवर हंडे-कळशा. स्वयंपाक बसून होत असे व जेवणेंहि तेथेंच पाटावर होत. मग कोळशाची शेगडी आली, रॉकेलचा स्टोव्ह आला, आणि १९७५ च्या सुमारास आमच्याकडे गॅसचें सिलिंडर आलें. गॅसबरोबर उभा ओटा आला. तो बांधणारा गवंडी चांगला धिप्पाड होता. त्यानें उंची आपल्याच कोपरावरून ठरविली असावी, कारण कडाप्प्याची ती फरशी जमिनीपासून बरोबर सदतीस इंचांवर बसली आहे. आमच्या सौ.ची उंची चार फूट अकरा इंच. १९८५ मध्यें लग्न होऊन ती या घरांत आली तेव्हांपासून पाटावर उभी राहून पोळ्या लाटीत आली आहे. जवळजवळ चाळीस वर्षें आम्हां पुरुषमंडळींना तो पाट दिसत होता; त्याचा अर्थ मात्र दिसला नाहीं.

इतकीं वर्षें दुरुस्ती कां झाली नाहीं, याचें उत्तर मुंबईच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. "इमारत आतां पाडणारच आहेत, मग खर्च कशाला?" हें वाक्य मीं प्रथम २००४ मध्यें उच्चारलें. त्यानंतर मालक बदलला, तीन विकासक नकाशे दाखवून गेले, भाडेकरूंच्या सभा झाल्या, चहा झाला. इमारत आहे तेथेंच आहे. पुनर्विकास होऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. ज्यांचा करार झाला व जागा रिकामी करण्याची तारीख पडली, त्यांनीं ओट्यास हात लावूं नये हें उघडच आहे. परंतु नुसत्या वार्तेवर विसंबून घरांतल्या बायकांनीं गैरसोईच्या खोलींत आयुष्य काढावें, हा कांहीं शहाणपणाचा व्यवहार नव्हे. वीस वर्षांत आम्हीं जें वाचविलें तें बँकेच्या पुस्तकांत पाहतां येतें. जें गमावलें तें सौ.च्या गुडघ्यांत आणि वहिनींच्या मनगटांत आहे.

वहिनी म्हणजे माझ्या वडील बंधूंच्या पत्नी. बंधूंना जाऊन आतां बारा वर्षें झालीं. वहिनींचें वय ब्यायशी. १९६४ मध्यें त्या या घरांत आल्या तेव्हां मी सहा वर्षांचा होतों, आणि मला जेवूं घालण्याचें काम आईनें त्यांच्याकडेच सोपविलें होतें. २०२४ च्या श्रावणांत एका सकाळीं मोरीच्या ओल्या कांठावरून त्यांचा पाय घसरला व उजव्या मनगटाचें हाड मोडलें. प्लॅस्टर सहा आठवड्यांनीं निघालें. परंतु "मोठ्या काकू, तुम्ही आतां स्वयंपाकघरांत पाऊल टाकायचें नाहीं," असा जो हुकूम सर्वांच्या तोंडून प्रेमापोटीं सुटला, तो कांहीं निघाला नाहीं. पाटावर बसून विळीवर भाजी चिरणें, नारळ खोवणें, शेंगा सोलणें, आणि तें करतां करतां सुनांना दोन गोष्टी सांगणें, हें साठ वर्षांचें काम एका दिवसांत थांबलें. त्या दिवाणखान्यांत खुर्चीवर बसूं लागल्या. बोलणें कमी झालें, जेवणहि कमी झालें. डॉक्टरांना कांहीं दोष सांपडेना.

या अपघातानंतरच मोरी काढून सारी खोली नव्यानें करावयाची असें ठरलें. चिरंजीव व पुतण्या एका मोठ्या दुकानांत गेले आणि रंगीत आराखडा घेऊन आले. आराखडा देखणा होता यांत शंका नाहीं. तीन भिंतींना पांढरीं कपाटें, काळ्या ग्रॅनाइटचा अखंड ओटा, खालीं सरकते खण, माजघराकडील भिंत काढून सर्व मोकळें. आणि त्या मोकळ्या जागेंत एक हंसतमुख तरुणी एकटीच उभी. सर्वांनीं तो वाखाणला. वहिनींनीं चष्मा लावून बराच वेळ निरखला आणि म्हणाल्या, "चित्र फार छान आहे, भाऊजी. यांत मीं कोठें बसायचें?"

कोणासहि उत्तर देतां आलें नाहीं. आगाऊ रक्कम त्या दिवशीं द्यावयाची होती, ती दिली गेली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं एक शंभर पानी वही घेतली आणि पहांटे स्वयंपाकघराच्या दारांत खुर्ची टाकली. "वर्गावर लक्ष ठेवल्यासारखे बसूं नका, बसायचेंच असेल तर मटार सोला," असें सौ.नें बजावलें. तेव्हां आठ दिवस मीं मटार, लसूण व चवळीच्या शेंगा सोलीत टिपणें केलीं. पुरुष वाचकांस माझी विनंति आहे कीं स्वयंपाकघरावर पैसा खर्च करण्यापूर्वीं त्यांनीं निदान एवढें करावें. साडेपांच ते साडेनऊ या चार तासांत त्या शहाण्णव चौरस फुटांत कधीं तीन तर कधीं चार माणसें एकाच वेळीं वावरतात. थोरल्या सूनबाई डबे भरीत असतात, सौ. पोळ्यांवर, धाकट्या सूनबाई कुकर व चहा यांच्यामध्यें, आणि भांडीं घांसावयास येणाऱ्या बाई मोरीवर. फ्रिज माजघरांत असल्यामुळें एका सकाळीं त्याकडे बावीस फेऱ्या झाल्या. त्यांतल्या निम्म्या फेऱ्यांत दारांत कोणीतरी कोणास थांबविलें. रोजचा कुकर सर्वांत खालच्या फळीवर मोठ्या पातेल्याच्या पोटांत, आणि वर्षांतून दोनदां लागणारें पुरणयंत्र हाताशीं खुंटीवर! हें कोणीं ठरविलें असें विचारतां कोणीच ठरविलें नव्हतें.

आधुनिक स्वयंपाकघराची कल्पना पाश्चात्य देशांत कशी सिद्ध झाली तेंहि मीं या निमित्तानें वाचून पाहिलें. १९२६ मध्यें जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत कामकऱ्यांसाठीं नवीं घरें बांधलीं जात असतां मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविदुषीनें एक स्वयंपाकघर योजिलें. तें सुमारें साडेसहा चौरस मीटरांचें, म्हणजे आमच्याहूनहि लहान होतें. तिनें घड्याळ लावून गृहिणीचीं पावलें मोजलीं, आगगाडीच्या भोजनडब्यांतील चिमुकल्या मुदपाकखान्याचा अभ्यास केला, आणि प्रत्येक डब्यास जागा नेमून दिली. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें बसविलीं गेलीं. आजचीं दुकानांतलीं सर्व कपाटें त्याच वंशांतलीं. स्त्रियांचे श्रम मोजण्याजोगे आहेत हें तिनें दाखविलें, याबद्दल तिचे उपकार मानलेच पाहिजेत. पण तिच्यासमोर एकटी काम करणारी गृहिणी होती. दुकानदाराच्या चित्रांतली ती एकटी तरुणी कोठून आली, याचा उलगडा मला येथें झाला! पुढें अमेरिकेंत शेगडी, पाण्याची जागा व फ्रिज यांच्यामधील त्रिकोणाचा नियम निघाला: प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट असावी, तिन्ही मिळून सव्वीस फुटांवर जाऊं नये. नियम चांगला आहे, परंतु एकत्र कुटुंबांत एकाच वेळीं तीन त्रिकोण एकमेकांस छेदीत असतात. आमच्या घरीं पावलें वांचविण्याइतकेंच धक्के वांचविणें अवश्य होतें.

म्हणून दुकानाचा आराखडा बाजूस ठेवून मीं माझें जुनें शस्त्र काढलें. शाळा सोडतांना खिशांत राहिलेले खडू घरांत होतेच. दिवाणखान्यांतलें सामान भिंतीशीं सारून फरशीवर आठ फूट बाय बारा फुटांचा चौकोन आंखला. दार, खिडकी, ओटा, शेगडी, मोरी सर्व पूर्ण मापानें काढलें, आणि घरच्या तिघींना रिकाम्या भांड्यांनिशीं त्यांत 'स्वयंपाक' करावयास सांगितलें. नातवंडांना तो खेळ वाटला. परंतु अर्ध्या तासांत सर्वांस कळून चुकलें कीं तिन्ही बाजूंनीं दोन-दोन फुटांचा ओटा घेतला तर मध्यें चारच फुटांची गल्ली उरते, आणि खालचे खण ओढले म्हणजे पाठीमागून दुसऱ्या माणसास जातां येत नाहीं. तेव्हां एका बाजूचा ओटा रद्द झाला. एका लांब भिंतीला अखंड ओटा, समोरच्या भिंतीला केवळ एक फूट खोल फळ्यांची मांडणी, आणि फ्रिज माजघरांतून उचलून दाराच्या आंत लगेच, असा नवा नकाशा खडूनें निघाला. एक वेळ पुसला, दोन वेळां पुसला. घण घातल्यावर पुसतां येत नाहीं.

उंचीचा प्रश्न सर्वांत कठीण गेला. उभें राहून काम करावयाचें तर कामाची पातळी कोपराच्या चार ते सहा इंच खालीं असावी. सौ.चें कोपर सदतीस इंचांवर, म्हणजे नेमकें आजच्या ओट्याशीं समपातळीवर. धाकट्या सूनबाईंचें एकेचाळीस इंचांवर. दोघींना एकच ओटा सोईचा होणें शक्य नाहीं, आणि मधलें माप घेणें म्हणजे दोघींची अर्धी-अर्धी गैरसोय करणें. शेवटीं दोन पातळ्या ठेवल्या. शेगडी व पोळपाट यांचा भाग एकतीस इंच, कारण शेगडी व भांडें मिळून आणखी सात-आठ इंच वर जातातच, आणि पोळी लाटतांना वरून जोर द्यावा लागतो. धुण्याचा व चिरण्याचा भाग पस्तीस इंच. दुकानदारानें 'अखंड रेषा तुटते' म्हणून नाक मुरडलें. तुटूं द्यावी.

भांडीं घांसणाऱ्या बाईंना विचारावें ही कल्पना थोरल्या सूनबाईंची; ती मला सुचावयास हवी होती. बाई म्हणाल्या, "बसून घासायचं काढताय ते बरं, गुडघे गेलेत. पण सिंक उथळ नको. पाणी पोटावर उडतं, दिवसभर ओल्या साडीनं पुढची कामं करावी लागतात." म्हणून सिंक नऊ इंच खोल, आणि मोठें पातेलें आडवें मावेल इतकें लांब. सण-समारंभांतील पातेलीं मात्र कोणत्याच सिंकमध्यें मावत नाहींत. त्यांच्यासाठीं मोरीची जागा पूर्ण न बुजवितां, कांठ काढून, जमिनीशीं सपाट अशी अडीच फुटांची उतरती फरशी व जाळी ठेवली. पाय अडखळावयास आतां कांहीं राहणार नाहीं.

आणि वहिनींची जागा खिडकीपाशीं. तीन फूट रुंद, अठ्ठावीस इंच उंच फळी; खालीं कपाट नाहीं, गुडघे मोकळे राहतील; हात असलेली खुर्ची; उठतांना धरावयास भिंतींत पक्का दांडा. जमिनीवर बसणें डॉक्टरांनीं मना केलें आहे, म्हणजे विळी गेली. हें त्यांस कसें सांगावें या विवंचनेंत आम्ही होतों. त्यांनींच तो प्रश्न सोडविला. "विळी नाहीं तर नाहीं, सुरीनें चिरीन. तुम्हीं दार तेवढें बंद केलें नसतें म्हणजे झालें होतें."

येथवरचा नकाशा माणसांचा झाला. आतां भिंतींच्या आंत काय आहे तें पाहूं. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यान्वयें तीस वर्षांवरील इमारतींची संरचना-तपासणी करून घ्यावी लागते. पण एका खोलीच्या कामापूर्वींहि संरचना-अभियंत्यास घरीं बोलावणें हाच शहाणपणा आहे, आणि त्यांची दक्षिणा एकूण खर्चांत नगण्य असते. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनीं हातोडीनें छत ठोकून पाहिलें. कोपऱ्यांत बद्द आवाज आला. आंतल्या सळया ओलाव्यानें गंजल्या होत्या, आणि गंज मूळच्या लोखंडाहून पुष्कळ अधिक जागा व्यापीत असल्यामुळें काँक्रीट आंतून फुगून सुटलें होतें. माजघराकडील भिंत नऊ इंची विटांची असून तिच्यावर तुळईचा भार येतो असें त्यांनीं दाखविलें. 'मोकळ्या' स्वयंपाकघराचें स्वप्न तेथेंच संपलें. तरुण मंडळी हिरमुसलीं. मी मनांत संतुष्ट झालों, कारण फोडणीचा ठसका दिवाणखान्यांत यावा ही कल्पना मला प्रथमपासूनच रुचली नव्हती.

मग त्यांनीं आम्हांस एक हिशेब करावयास लावला. जुनी फरशी न काढतां तिच्यावरच नवी बसविणें स्वस्त पडतें, आणि बहुतेक ठेकेदार तोच सल्ला देतात. परंतु शहाण्णव चौरस फुटांवर एक इंच जाडीचा मसाला म्हणजे सुमारें साडेचारशे किलो वजन, फरशी वेगळी. माळ्यावरची पांचशे लिटरची टांकी भरली म्हणजे पांचशे किलो. नळाला पाणी ठराविक वेळेलाच येत असल्यामुळें टांकी टळत नाहीं, पण ती छज्जाच्या मध्यावर न ठेवतां दोन भिंतींच्या कोनांत ठेवावी. एकेका पिढीनें एकेक थर चढवावा आणि जुना कोणींच काढूं नये, असें चाललें तर नव्वदीच्या घरांतल्या इमारतीनें तरी काय करावें? आम्हीं जुनी फरशी काढण्याचें ठरविलें.

खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर चार वर्षांपासून ओलाव्याचा डाग आहे. त्यावरून आमचें त्यांचें बोलणें जवळजवळ बंद झालें होतें. पाणी तुमचें कीं वरच्यांचें, हा वाद. मोरीच्या तळाशीं थोडें उकरून पाहतां बीडाच्या जुन्या नळाचा सांधा सुटलेला सांपडला. पाणी आमचेंच होतें. मीं खालीं जाऊन तसें सांगितलें, आणि त्यांच्या छताचा गिलावा आमच्या खर्चांत धरला. वाचकांना ध्यानांत ठेवण्यासारखें हें कीं कपाटें व रंग हे शेवटचे. आधीं सांडपाण्याचा नळ, त्याचा उतार निदान चाळिसांस एक, मग जलरोधक थर, मग मोरीचें तोंड बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून खालीं जाऊन पाहणें, आणि खालचें छत कोरडें राहिलें तरच फरशी. पिण्याच्या पाण्याचे जुने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळहि आंतून गंजून अरुंद झालेले असतात. भिंत उघडलीच आहे तर तेहि बदलावे. आमच्या अंदाजपत्रकांतला जवळजवळ निम्मा पैसा अशा गोष्टींत जाणार आहे कीं ज्या काम पुरें झाल्यावर कोणासहि दिसणार नाहींत. पांचवा हिस्सा आयत्या वेळच्या अडचणींसाठीं राखून ठेवला आहे.

विजेचे तार आमच्याकडे अद्याप लाकडी पट्टींतून गेलेले, दोनच तारांचे, भूमि-जोड नसलेले होते. ओव्हन, विद्युत्-शेगडी व पाणी तापविण्याचें यंत्र यांना प्रत्येकीं वेगळी सोळा अँपियरची जोडणी पाहिजे, आणि साऱ्या खोलीवर तीस मिलिअँपियरची ती आरसीसीबी नांवाची कळ पाहिजे, जी विजेची गळती होतांच प्रवाह तोडते. ओल्या हातांच्या खोलींत हा खर्च टाळूं नये.

दुकानाच्या आराखड्यांत सिलिंडर एका बंद खणांत झांकला होता. दिसावयास छान, पण सिलिंडरांतला वायु हवेहून जड असल्यामुळें गळती झाली तर तो जमिनीलगत सांचून राहतो. त्या खणाच्या तळाशीं हवेस वाट हवी, आणि जवळपास विजेची कळ नसावी. नळानें येणारा वायु उलट हवेहून हलका. त्यासाठीं वाट वरच्या बाजूस हवी. आमच्या इमारतींत उद्यां नळाचा गॅस येईल या हिशेबानें दोन्ही ठेवल्या आहेत.

धुराविषयीं लिहितांना मला तर्कसंग्रह आठवल्यावांचून राहत नाहीं. धूर दिसला तेथें अग्नि असावयाचाच, या अनुमानाला आमच्या नैयायिकांनीं जो दृष्टांत दिला तो महानसाचा. शतकानुशतकें विद्यार्थी तो घोकीत आले. त्या महानसांत धूर कोणाच्या डोळ्यांत जात होता याची चौकशी कोणत्या पंडितानें केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. मीहि छत्तीस वर्षें तोच दृष्टांत शिकविला. आतां चुलीचा धूर गेला तरी फोडणीची वाफ, तेलाचे कण आणि मिरचीचा ठसका आहेच. नळी नसलेलें धूरशोषक यंत्र हवा गाळून पुन्हां घरांतच सोडतें. उष्णता व ओलावा तेथेंच राहतात. सहा इंच व्यासाची नळी शक्य तितकी सरळ बाहेर काढणें बरें, कारण प्रत्येक वळणागणिक ओढ कमी होते. आमचें जुनें धुराडें १९७५ नंतर विटांनीं बुजविलें होतें. त्याच भोंकांतून आतां नळी जाणार आहे.

एका आप्तांनीं सुचविलें कीं एवढा खर्च करीत आहांच तर स्वयंपाकघर आग्नेयीस न्या. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत महानस आग्नेयीस व देवघर ईशान्येस सांगितलें आहे हें खरें. परंतु त्याच्यासमोर स्वतःच्या भूमीवर उभें असलेलें स्वतंत्र घर होतें. तिसऱ्या मजल्यावरचें भाड्याचें बिऱ्हाड नव्हतें. आमच्या आग्नेयीच्या खोलीखालीं शेजाऱ्यांचें शेजघर आहे. त्यांच्या अंथरुणावर आमची मोरी नेऊन कोणतें पुण्य लाभणार? शेगडी मात्र अशी बसते कीं स्वयंपाक करणारीचें तोंड पूर्वेकडे, खिडकीच्या उजेडाच्या बाजूस येतें. आप्तांचें तेवढ्यानें समाधान झालें, आणि सौ.चें उजेडामुळें.

मालकाची लेखी संमति हातीं आली आहे. काम दिवाळीनंतर सुरू व्हावयाचें; पावसाळ्यांत जलरोधक थर नीट वाळत नाहीं, आणि गौरी-गणपति मोडक्या घरांत करण्यास कोणीच तयार नव्हतें. सहा आठवडे माजघरांत एक शेगडी, दोन पिंपें आणि मोजकीं बारा भांडीं, असा बेत आहे. कोणतीं बारा, यावर अद्याप एकमत नाहीं.

खडूचा नकाशा दिवाणखान्यांत तसाच आहे. केर काढणाऱ्या बाई रेघा सांभाळून झाडतात, आलेले पाहुणे त्या ओलांडून बसतात. पंधरा दिवसांपूर्वीं वहिनींनीं आपली खुर्ची उचलवून 'वहिनी' असें लिहिलेल्या चौकोनांत ठेवविली. आतां रोज सकाळीं त्या तेथें बसून घेवडा मोडतात आणि सुनांना आंत हांका मारून मीठ किती घातलें तें विचारतात. काल त्यांनीं त्या चौकोनाची एक रेघ पायानें पुसली व मला सहा इंच खिडकीकडे सरकवावयास सांगितली. मीं वहींत तशी दुरुस्ती केली.